बादलीला बादली

१९ ऑक्टोबर

आज हॉस्टेलच्या अंगणातली भट्टी पेटली. तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत रेडिएटर तापले. आमच्या चौथ्या मजल्यावरचे कोमट झाले आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा गार पडले. गेल्या वर्षीही हेच झालं होतं. पण गेल्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाला होते. आता उष्णता-तंत्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि "काराकोलमध्ये असंच असतं" हे उत्तर मला चालणार नाही.

खोलीतली माझी जोडीदार बेगिमाय लेखापालनाची विद्यार्थिनी आहे. ती कोट घालून झोपते आणि झोपेतही बोलते.

"तू तर हेच शिकतेस ना कनिशाय? मग गरम कर की."

"शिकते म्हणून कारण शोधते आहे."

"कारण पांघरून झोपता येत नाही, बाई."

जेवणाआधी न्हाणीतल्या नळावर मोजे धुतले. हा नळ जमिनीलगत, उभ्या पाइपालाच बसवलेला आहे, आणि त्याला गरम पाणी येतं. या हॉस्टेलमधली ही एकच सोय धड आहे.

२२ ऑक्टोबर

थर्मामीटर घेऊन सगळे मजले फिरले. आमच्या मजल्यावर सकाळी बरं असतं, दुपारनंतर उतरत जातं. खाली दिवसभर सारखंच. म्हणजे संध्याकाळी कोणीतरी आमची ऊब ओढून घेतं.

तळमजल्यावर रेक्टरने पकडलं. झूरा एजे, म्हणजे झूराताई, दाराजवळच्या खोलीत राहते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायांत लोकरी बूट, आणि तिला चुकवून या इमारतीत मांजरही शिरत नाही.

"काय डॉक्टरीणबाई, कोणाला ताप आलाय?"

"ताप येत नाही, हीच तक्रार आहे, एजे."

"चौथ्या मजल्याचं मी अकरा वर्षं हेच ऐकते आहे. ये आत, शोर्पो पी. आणि पाइपांचा नाद सोड, परीक्षा जवळ आली."

ती वाडगा भरत होती तेव्हा मी तिचा रेडिएटर पाहिला. इतर खोल्यांत असतात त्याच्या दुप्पट खण. नंतर जोडलेले, जोडावरचा रंग वेगळा आहे. वाडगा वर नेला. शोर्पो, मटणाचा पातळ रस्सा, चांगला होता, कांदा जास्त. मग वाडगा धुऊन, पुसून, तिच्या दारात नेऊन ठेवला.

बेगिमायने ते पाहिलं. "रिकामा? वेडी आहेस का? चार तळलेले बोर्सोक तरी टाकायचे. माझ्या आईने हात तोडला असता."

मला ही रीत माहीत आहे. भरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही, हे आमच्या कोचकोर गावात पोरांना चालायच्या आधी कळतं.

"ती लाच होती," मी म्हणाले. "लाचेचं भांडं रिकामंच जातं."

२५ ऑक्टोबर

सकाळी आमच्या रेडिएटरची हवा सोडायची चावी फिरवली. गंजलेली होती. आधी पुष्कळ वेळ नुसती हवा फुसफुसत राहिली. मग चावी मुळापासून तुटून माझ्या हातात आली आणि पाणी सुटलं. काळं, कोमट, गंजाच्या वासाचं. मी अंगठा लावला. बेगिमाय पलंगावर उभी राहिली. त्याचा उपयोग झाला नाही.

थोड्या वेळाने दारात खालच्या मजल्यावरचा तिलेक आला. माझ्याच वर्गातला आहे. हातात त्याचा आराखड्याचा कागद, त्यावरून थेंब गळत होते.

"वर कोणी ओळखीचं राहतं का? आमच्याकडे पाऊस पडतोय. काळा."

"मुलांना या मजल्यावर परवानगी नाही," मी म्हणाले.

"तुमच्या पाण्याला आमच्याकडे होती?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. बेगिमाय पुलावासाठी गाजरं सोलत होती. त्यातलं एक घेऊन त्याने चाकूने निमुळतं केलं आणि भोकात ठोकलं. पाणी थांबलं. पुस्तकात असा उपाय नाही, पण लाकडापेक्षा गाजर भोकात चांगलं बसतं, हे मान्य करायला हवं. त्याचा कागद बाद झाला होता. मी पुन्हा काढून देते म्हणाले. तो म्हणाला, घाई नाही, तो मधूनमधून येऊन गाजर तपासत जाईल.

मग झूरा एजे आली. तिने आधी गाजराकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे.

"पाइपाला हात लावणाऱ्याने खोली सोडायची. नियम भिंतीवर आहे. वाचता येतं ना?"

"येतं. थंडीचा नियम कुठल्या भिंतीवर आहे?"

तिने तिथेच उभं राहून मामाला फोन लावला. शहरात माझा पालक तोच आहे.

२६ ऑक्टोबर

मामाचा फोन. आवाजात राग नव्हता, आनंद होता. ते जास्त वाईट.

"बरंच झालं, कनिश. मामीला मूल झालंय, मुलगा, दिसायला थेट माझ्या वडिलांसारखा. तिला एकटीला झेपत नाही. नऊ तारखेला रविवार आहे, गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

"माझी परीक्षा आहे, मामा."

"घरी टेबल नाही का? आणि हॉस्टेलात थंडी, घरात चूल. आपलं माणूस असताना परक्या छपराखाली कशाला?"

पहिलं वर्ष मी त्या घरात काढलं. टेबल आहे. त्यावर कणीक मळतात. थोरल्या मुलाच्या पाळण्याची दोरी पायाला बांधून मी उष्णता-वहनाची समीकरणं सोडवली आणि दोन विषयांत नापास झाले. मामा वाईट नाही. तिथे कोणीच वाईट नाही, त्यामुळे भांडायलाही कोणी नसतं.

मी जाणार नाही. हे इथे लिहून ठेवते.

२९ ऑक्टोबर

आज अभ्यासिकेत हॉस्टेलची सभा झाली. उपप्राचार्य आले होते. तक्रारी विचारल्यावर मी उभी राहिले.

"चौथा मजला गार राहतो, कारण तळमजल्यावर एका खोलीत रेडिएटरला जादा खण जोडलेले आहेत. संध्याकाळी तो पूर्ण उघडला की वर काही उरत नाही. ती खोली झूरा एजेची आहे."

मागून मुलींनी टाळ्या वाजवल्या. बेगिमायने शिट्टी मारली, तीही चांगली.

उपप्राचार्य एजेकडे वळले. ती खुर्चीतून उठली नाही.

"आहेत जादा खण. पहाटेपासून दाराच्या वाऱ्यात मी बसते, ही बसत नाही. माझे गुडघे हिच्यापेक्षा वयाने मोठे आहेत."

"नियम नियम असतो," उपप्राचार्य म्हणाले. त्यांना गाडी गाठायची होती. खण काढायचं ठरलं.

बाहेर पडताना भट्टीवाला दारात भेटला. तो दर सकाळी कुरकुरत असतो, आजही कुरकुरला, "रोज टाकीत पाणी भरतो, रोज कमी. पिता का काय तुम्ही पोरी?" मी घाईत होते.

मजल्यावर आज सगळ्या माझ्याशी बोलल्या. एकीने सफरचंद दिलं.

१ नोव्हेंबर

काल एजेच्या खोलीतले जादा खण काढून नेले. आता तिचा रेडिएटर इतरांइतकाच आहे.

आमचा मजला सकाळी कोमट. संध्याकाळी गार. आकड्यात काडीचाही फरक नाही.

२ नोव्हेंबर

तसंच. थर्मामीटर बदलून पाहिला. थर्मामीटर बरोबर आहे.

सफरचंदवाली मुलगी जिन्यात म्हणाली, "म्हातारीचा रेडिएटर खाल्लास, आता आमची ऊब कुठे?" बेगिमाय तिच्याशी भांडली, मग वर येऊन माझ्याशी भांडली.

दाराजवळून जाताना एजे शाल गुडघ्यांवर घेऊन बसलेली दिसली. मी नमस्कार केला. तिने केला. मला वाईट वाटलं असं नाही. नियमाने ते खण चूकच होते. पण माझ्या हिशोबात चूक आहे आणि ती कुठे आहे हे मला माहीत नाही. हे मला सहन होत नाही.

तिलेक गाजर तपासायला आला. म्हणाला, गाजर ठीक आहे, तू ठीक नाहीस. मी म्हणाले, त्याला गाजराचंच कळतं.

४ नोव्हेंबर

सापडलं.

दुपारी तिलेकने बाजारातून अशल्यानफू, थंड आंबट-तिखट शेवया, आणलं, दोन वाडगे. एकच का आणला नाही हे विचारलं तर म्हणाला, दुकानदाराने आग्रह केला. तिखट होतं. हात धुवायला न्हाणीत गेले. बेगिमाय केस धूत होती. तिची वेणी सोडली की गुडघ्यापर्यंत येते आणि तिला तीन बादल्या लागतात. मागे दोन मुली रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या.

मी नळाकडे पाहिलं. नळ घोट्याच्या उंचीवर. रेडिएटरचं वरचं तोंड कमरेच्या उंचीवर. भट्टी आमची स्वतःची, पाणी तेच ते फिरतं, वर माळ्यावर एक टाकी. टाकीतलं पाणी संपलं की पातळी पाइपात उतरते. ती रेडिएटरच्या तोंडाखाली गेली की त्यात हवा भरते आणि फिरणं थांबतं. नळ मात्र चालूच राहतो, कारण तो आणखी खाली आहे. म्हणून दिवसभर मजला गार होत जातो आणि कोणालाच संशय येत नाही. सकाळी भट्टीवाला टाकी भरतो. संध्याकाळपर्यंत आम्ही ती केसांवर ओतलेली असते.

मी सगळं मोजलं होतं. हा नळ मोजला नाही. तो पहिल्या दिवसापासून तिथे होता म्हणून.

"काय बघतेस?" बेगिमाय फेसातून म्हणाली.

"तू आमची खोली गटारात सोडते आहेस."

"शाम्पू आहे गं, खोली नाही."

५ नोव्हेंबर

सकाळी एजेकडे गेले. माळ्याची किल्ली मागितली. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, सगळं, क्रमाने. ती ऐकत होती आणि मध्येच सुई घेऊन मोजा रफू करू लागली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"नळ मीच बसवून घेतला."

किल्लीसाठी पुढे केलेला हात मी मागे घेतला.

"तू नव्हतीस तेव्हा. पोरी खालच्या स्वयंपाकघरातून उकळतं पाणी चार जिने वर न्यायच्या. एक घसरली. मानेपासून कमरेपर्यंत भाजली. गावाहून आई आली न्यायला, पोरीची वेणी हॉस्पिटलात कापली होती, ती रुमालात बांधून नेली." तिने दोरा दाताने तोडला. "मग नळ बसवला. मजला गार पडतो हे कळलं. म्हटलं, गार पडू दे. थंडीवर कोट असतो."

"सभेत का बोलला नाहीत?"

"बोलले असते तर उपप्राचार्यांनी गाडी गाठायच्या आधी नळ बंद केला असता. खणांवर भागलं, बरं झालं."

मी म्हणाले, हे चुकीचं आहे. दोन्ही हवं. गरम पाणीही आणि गरम खोलीही.

"दोन्ही हवं," ती माझ्याच आवाजात म्हणाली. "मग घे की. रविवारी तुझा मामा येतोय."

"रविवारपर्यंत चौथा मजला गरम झाला तर मी राहणार."

"आणि नाही झाला तर?"

"माझी गादी मी स्वतः गुंडाळेन."

तिने जुडग्यातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. हातात दिली नाही. मी उचलली.

६ नोव्हेंबर

टाकीत ताजं पाणी सारखं घालू नये, पाइप गंजतात. पुस्तकात तसं आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला बेगिमायचे केस माहीत नव्हते.

दुसरा उपाय दिसत नाही. जेवढं नळातून काढायचं तेवढं टाकीत घालायचं. माळ्यावर जायला न्हाणीशेजारीच लोखंडी शिडी आहे, थंड पाण्याचा नळही तिथेच. टाकीत खिळ्याने रेघ मारली. संध्याकाळी न्हाणीत जाऊन गरम नळासमोर उभी राहिले.

"एक बादली गरम घ्यायची, एक गार वर टाकीत घालायची. आधी घालायची."

पहिल्यांदा हसल्या. मग हसल्या नाहीत.

"तू कोण गं, पाण्याची राणी?"

"म्हातारीचे खण काढलेस, आता आमची आंघोळ काढ."

"रविवारी जातेस ना? तोवर आम्ही घाणेरड्या राहतो, मग निवांत धुतो."

यावर सगळ्यांनी मान हलवली. मी हलले नाही. मला कोणाला पटवायचं नव्हतं. मला नळापुढे उभं राहायचं होतं. सफरचंदवालीने माझ्या पायावर बादली ठेवली. जड होती. मी पाय काढला नाही.

तेवढ्यात बेगिमाय डोक्यावर फेसाचा डोंगर घेऊन मोरीतून बाहेर आली. एका बादलीने केस भिजवले होते, फेस धुऊन टाकायला पाणी नव्हतं.

"कनिशाय, सरक. डोळ्यांत जातंय."

"बादली वर."

"मी तुझी मैत्रीण आहे."

"म्हणून तुझ्या दोन."

ती माझ्याकडे बघत राहिली. फेस भुवईवरून गालावर उतरला. मग ती एकदम बाकीच्या मुलींवरच ओरडली, "बघता काय? तुमच्या घरी शेजारणीचा वाडगा रिकामा पाठवतात का? टाकीचा वाडगा आहे असं समजा." आणि बादली भरून शिडी चढली. वाटेभर फेस सांडला. वरून तिचा आवाज आला, "इथे कबुतरं आहेत. आणि कबुतरांना इथे आपल्यापेक्षा ऊब आहे."

हे वाडग्याचं मला सुचलं नव्हतं. मी पातळीबद्दल बोलणार होते.

तिच्यामागे सफरचंदवाली गेली. तोंडाने शिव्या देत गेली, पण बादली काठोकाठ भरलेली होती.

७ नोव्हेंबर

रेघेच्या खाली एक बोट. तिघींनी चोरून काढलं. कोण ते मला माहीत आहे. त्यांच्या दारासमोर भरलेल्या बादल्या ठेवून आले. बाहेर पडायला त्या उचलाव्याच लागतात.

८ नोव्हेंबर

रेघेवर.

प्रत्येक खोलीतली हवा सोडली. तिलेकने पाना आणला. मुलांना परवानगी नाही, पण एजे दाराशी बसून दुसरीकडे बघत होती. गाजराच्या जागी नवी चावी बसवली. तिलेकने गाजर खिशात घातलं. सुकून अगदी लहान झालं होतं. कशाला हवं म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळी सगळे रेडिएटर खालपासून वरपर्यंत सारखे गरम. बेगिमायने कोट काढला. आत तिच्याकडे एक निळा स्वेटर आहे हे मला आज कळलं.

९ नोव्हेंबर

मामा सकाळीच आला. खिडकीतून गाडी दिसली, मागच्या सीटवर पाळण्याच्या गाद्या. मी खाली गेले नाही. नंतर बेगिमायने सांगितलं, ती जिन्यात उभी राहून ऐकत होती.

मामा म्हणाला, "तुम्ही फोन केला होता. भाचीला न्यायला आलो."

एजे म्हणाली, "कुठली भाची? वर पाणीखात्याची मोठी साहेबीण राहते. तिला वेळ आहे का बघते."

मामा वर आला. बूट दाराशी काढले, पलंगावर बसला, इकडेतिकडे पाहिलं. मग हात लांब करून रेडिएटरला लावला आणि तसाच ठेवला. टोपी काढली.

"गरम आहे," तो म्हणाला. नाराजीने.

"हो."

"मामीने तुझ्यासाठी अंथरूणसुद्धा घातलंय."

"मामीला सांगा, मुलाला बघायला येईन. दर रविवारी, दुपारी. नजराणा घेऊन. राहायला येणार नाही."

"तुझ्या आईला काय सांगू?"

"कनिशाय दोन विषयांत पुन्हा नापास होणार नाही, असं सांगा."

तो चहा प्यायला. उठताना म्हणाला, "आमच्या घरीसुद्धा मागची खोली गार राहते." मी म्हणाले, रविवारी आले की बघेन. त्याने टोपी घातली. जिन्यात थांबून पुन्हा एकदा वर पाहिलं.

मग मी खाली गेले. एजेचे काढलेले खण कोळशाच्या खोलीत पडले होते. हिशोब आधीच केला होता. तिलेकने आणि मी त्यातले तीन परत जोडले.

"बाकीचे?" एजेने विचारलं.

"बाकीचे नाहीत. तीन बसतात, चौथ्याने वरचा मजला बिघडतो."

"गुडघ्यांना मोजमाप कळत नाही, पोरी."

"पाण्याला कळतं."

ती हसली की खोकली, कळलं नाही. मी वाडगा पुढे केला. तिचा नव्हता, माझा होता. आईने पाठवलेले कुरुत, सुकवलेल्या दह्याचे गोळे, त्यात काठापर्यंत भरले होते.

"हे कशाचं?"

"बाविसाव्या तारखेच्या शोर्पोचं."

तिने एक कुरुत तोंडात टाकला आणि वाडगा कपाटात ठेवला. परत दिला नाही. म्हणजे तो भरून येणार. मला हे आवडलं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

११ नोव्हेंबर

टाकी रेघेच्या वर. हिशोब जमत नव्हता. शोधल्यावर कळलं, तिलेक रोज एक बादली वर नेतो. त्याचा मजला आमच्या नळातून थेंबही काढत नाही. मी त्याला शिडीवरच थांबवून हे सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी आगाऊ भरतोय."

"कशाचं आगाऊ?"

तो बादली घेऊन वर गेला. आगाऊ भरल्याने पातळी थोडी चढते, नुकसान काही होत नाही. मी शिडी धरून उभी राहिले, कारण ती हलते.